पुनर्गठन म्हणजे कॅपिटल रिपेअर

आमच्या घरात एका कंपनीचं नाव घेत नाहीत. टीव्हीवर ते आलं की आई चॅनल बदलते, आणि पेपरात आलं तर त्या पानावर भाजी निवडते. मीही ते इथे लिहिणार नाही. घरची रीत मोडायचं मला काही कारण दिसत नाही.

त्या कंपनीचे शेअर बाबांकडे होते आणि शेजारच्या गार्डकाकांकडेही होते. बाबांचे बुडाले याचं मला फारसं वाटत नाही. भिलाईच्या हुडको कॉलनीतलं घर आमचं स्वतःचं आहे, मी शाळेत शिकवते, आमचं भागतं. काकांचे बुडाले ते मात्र अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. काकांना ते वेळेत विकायचे होते. त्यातून काका-काकूंचं भिलाईजवळच्या उतई गावातलं घर उभं राहायचं होतं. माझ्या बाबांनी त्यांना विकू दिले नाहीत.

बाबा स्टील प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसला, म्हणजे लोखंड गाळायच्या भट्टीवर, अधिकारी होते. माझं बालपण सेक्टर २ च्या क्वार्टरमध्ये गेलं, आणि तिथे बाबांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. लोक त्यांना कूलर कोणता घ्यावा हेसुद्धा विचारायला यायचे. आई म्हणते, या माणसाला जगात दोनच गोष्टी कळतात, एक भट्टी आणि दुसरं म्हणजे भट्टीवरून बाकी सगळं. मला ताप आला की बाबा म्हणायचे, "टेंपरेचर होल्ड होऊन राहिलं, हळूहळू उतरवा लागते." माझं लग्न जमेना तेव्हा म्हणाले, "चार्ज बरोबर नाही पडून राहिला." चार्ज म्हणजे भट्टीत टाकायचा कच्चा माल. मी त्यावर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यांना कारण कळलं नाही, आणि आजही कळलेलं नाही.

गार्डकाका नागपूरकडचे. दुर्ग लाइनवर मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाल्यावर रेल्वेचं क्वार्टर सुटलं आणि ते आमच्या शेजारी भाड्याने राहायला आले. गार्ड म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यात बसणारा माणूस. पुढे काय चाललंय ते इंजिनवाला बघतो, गार्डाने मागची बाजू सांभाळायची. काकांचा स्वभाव नोकरीने घडवला की स्वभावामुळे ती नोकरी त्यांना मानवली, देव जाणे. पुढे कोणी जाणतं माणूस आहे एवढं कळलं की काका निवांत. हुडकोत ते जाणतं माणूस म्हणजे माझे बाबा.

संध्याकाळी आमच्या फाटकाशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पडायच्या. हिंदी पेपर मधे, चहा दोन कप, आणि काकांचे प्रश्न. मिक्सर कोणता घेऊ, दात काढू का ठेवू. एकदा तर काकांनी नागपूरला जायला कोणती गाडी बरी असं विचारलं, आणि आयुष्यभर भट्टीजवळ उभ्या राहिलेल्या बाबांनी जन्मभर रेल्वेत काढलेल्या माणसाला गाडी सांगितली. काका त्याच गाडीने गेले, ती चार तास लेट झाली, आणि परत आल्यावर म्हणाले, "जागा मस्त भेटली पण." मी तेव्हा पोट धरून हसले होते.

कंपनी खाजगी होती, पोलाद करायची, आणि तिची भट्टी बाबांनी स्वतः पाहिली होती. त्यांच्या हाताखालची दोन माणसं तिकडे नोकरीला गेलेली, त्यांनी बोलावून दाखवली. बाबा परत आले ते भारावून. "भट्टी का बांधली बे! देखनी हाय," असं त्यांनी काकांना सांगितलं, आणि त्या देखण्या भट्टीवर दोघांनी शेअर घेतले. मालक कोण, त्याच्या डोक्यावर कर्ज किती, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. हुंड्याची बोलणी सोडून नवरीचा मंडपच बघत बसावं तसा प्रकार.

काकांचा प्लॉट उतईला होता. एका रविवारी काकूंनी मलाही सोबत नेलं. प्लॉटवर काही नव्हतं, एक शेवग्याचं झाड आणि चुन्याने आखलेल्या रेषा. काकूंनी घर जमिनीवर आखून ठेवलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी. रेषा पुसट झाल्या की नवरा-बायको स्कूटरवर चुना घेऊन जायचे आणि पुन्हा आखायचे. मी सरळ चालत आत शिरले तर काकू ओरडल्या, "अवो तिकून कुठं येऊन राहिल्या? ते भिंत हाय ना! दारातून या." मी मागे गेले, वळसा घालून दारातून आले. मग त्यांनी स्वयंपाकघरात, म्हणजे तशा मातीतच, डबा उघडून मला फरा, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, खायला दिला. क्वार्टर आणि भाड्याची घरं बदलत त्या बाईंचा जन्म गेला होता. आपल्या भिंतीला आपण खिळा ठोकावा आणि कुणाला विचारू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. काकूंनी ती मला अगदी याच शब्दांत सांगितली.

कंपनी डबघाईला आली तेव्हा आधी भट्टी बंद पडली. बँकांचे हप्ते थकले. शेअर घसरत घसरत पार तळाला गेला. फाटकाशी चहा चालूच होता, पण काका पेपर उलटा धरून बसायला लागले होते. अशातच एका संध्याकाळी बातमी आली: कंपनीचं ऋण पुनर्गठन होणार, बँका तयार आहेत. त्या बातमीवर शेअर चार-सहा दिवस वर उसळला. पूर्वीचा भाव कुठला यायला, पण उतईला जोतं घालून भिंती उभ्या राहाव्यात इतपत आला.

काका उठून उभे राहिले होते, मला आठवतं. म्हणाले, "भाऊ, विकून टाकू का? गवंड्याले सांगून ठेवलं हाय. पण पैले हे सांग, पुनर्गठन म्हंजे का असते?"

बाबांनी चष्मा काढला. प्रश्न आवडला की ते चष्मा काढत. म्हणाले, "सोपं हाय. कॅपिटल रिपेअर."

हा शब्द भिलाईत लहान पोरालाही कळतो. भट्टीच्या आत विटांचं अस्तर असतं. वर्षानुवर्षांच्या आगीने ते झिजतं. मग भट्टी पूर्ण विझवायची, जुनं अस्तर खरवडून काढायचं, नवं बसवायचं आणि भट्टी पुन्हा पेटवायची. याला महिनोन्महिने लागतात. बाहेरच्याला वाटतं कारखाना मेला. आतल्याला माहीत असतं की नव्या अस्तरावर भट्टी आधीपेक्षा जास्त लोखंड देणार. बाबांनी अशा कितीतरी भट्ट्या विझताना आणि पेटताना पाहिल्या होत्या. पेटवायच्या दिवशी नारळ फुटायचा, आणि बाबा घरी पेढे आणायचे.

"बंद भट्टी पाहून पळते त्याले का म्हणाव?" बाबा काकांना म्हणाले. "आता विकशीन तं मूर्ख ठरशीन. अस्तर बदलून राहिलं समज. पेटली का मंग पाय भाव."

मी दारातच होते. घरात मी चिडले की हिंदीत जाते. म्हटलं, "बाबा, ये कर्ज़े की बात है, ईंट की नहीं. इथे जुनं काय आणि कोण खरवडून काढणार, ते तरी विचारा!"

"तू भूगोल शिकव," बाबा म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि बसले. "मंग राहू देतो," म्हणाले. गवंड्याला त्यांनी थांबायला सांगितलं.

पुढे कंपनीची वार्षिक सभा झाली. ती मोबाईलवर-लॅपटॉपवर असते हल्ली, छोट्या भागधारकालाही दोन मिनिटं बोलू देतात. बाबांनी नाव नोंदवलं. शाळेच्या कामाचा माझा लॅपटॉप मांडला गेला, काका-काकू इस्त्रीचे कपडे घालून येऊन बसले, आईने पोहे केले. माझ्या सगळ्या रागातही मला त्या सभेची उत्सुकता होती, खोटं कशाला बोलू. एकेक भागधारक पडद्यावर येत होता. कुणाच्या मागे देवघर, कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे. एका आजोबांनी दोन मिनिटं अध्यक्षांच्या तब्येतीची चौकशी करण्यात घालवली. एकाने विचारलं, पूर्वी सभेला मिठाईचा डबा मिळायचा तो आता घरपोच का पाठवत नाही. एक बाई रडल्या. त्यांना काय विचारायचं होतं ते कुणालाच कळलं नाही, आणि त्यांचा आवाज बंद करून पुढचं नाव पुकारलं गेलं. एक तरुण मुलगा तेवढा मुद्द्याचं बोलला: बँकांना कर्जाच्या बदल्यात शेअर देणार, नवा मालक आणणार, मग आमचं काय? त्याला उत्तर मिळालं की सर्व संबंधितांच्या हिताचा विचार केला जाईल.

मग बाबा. कोट घातला होता त्यांनी. प्लांटमधल्या मीटिंगच्या हिंदीत, खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं की भट्टीच्या अस्तराचं काम कुठवर आलं, विटा कुठून मागवल्या आणि भट्टी सुकवायला किती वेळ धरला आहे. पलीकडे क्षणभर शांतता. मग कोणी गोड आवाजात म्हणालं, अत्यंत मौल्यवान सूचना आहे, आम्ही नोंद घेतली आहे.

काकांनी टाळी वाजवली. "का प्रश्न इचारला बे भाऊ! गप झाले सारे!" काकूंनी पदर डोक्यावरून नीट केला आणि मला हळूच विचारलं, "आता होईन ना सारं बरोबर?" मी पोह्यांच्या बश्या उचलल्या.

या भागधारकांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. काकांनी मला त्यात घातलं, कारण त्यातलं इंग्रजी त्यांना वाचून दाखवायला कोणी हवं होतं. सकाळी देवाचे फोटो, दुपारी शिव्या, संध्याकाळी धीर. 'विकू नका, मोठा खेळाडू येतोय.' 'धरून बसा.' बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर शेकडो बुडते एकमेकांच्याच हातात काड्या देत होते. काका ते ऐकून म्हणायचे, "पाय, सारे तेच म्हणून राहिले जे भाऊ म्हणते." मला त्या ग्रुपचा संताप यायचा, आणि रोज सकाळी आधी तोच उघडायची.

एका सकाळी काका मोबाईल घेऊन आले. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. म्हणाले, "बेटा, पाय बरं, मोबाईल बिघडला वाटते. कंपनी दिसूनच नाही राहिली."

शेअरच्या यादीत बाकी सगळं होतं, त्या कंपनीची ओळ नव्हती. मी बंद करून चालू केला. मग बाबांचा पाहिला, त्यातही नव्हती. ग्रुपवर एक नोटीस येऊन पडली होती, ती वाचली. कर्जाची नवी मांडणी मंजूर झाली होती. बँकांनी थोडं कर्ज सोडलं होतं, उरलेल्याच्या बदल्यात शेअर घेतले होते, नवा मालक येणार होता. आणि जुन्या भागधारकांचे सगळे शेअर, कुठलाही मोबदला न देता, रद्द.

बाबांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी चिडून म्हटलं, "बाबा, आता वाचून काय बदलणार आहे का?" त्यावर ते म्हणाले, "रद्द म्हंजे आता रद्द. पण भट्टी पेटल्यावर तं देतीन ना वापस?" माझ्या त्या वडिलांना, ज्यांना अख्खा सेक्टर विचारायला यायचा, मी त्या दिवशी पाचवीच्या मुलाला समजवावं तसं समजावून सांगितलं. भट्टी, विटा, आत लोखंड, सगळं तसंच आहे. फक्त त्यात आपलं काही नाही. जुनं अस्तर म्हणजे आपणच होतो. हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं असं आई नंतर म्हणाली. मला वाटतं त्यांना तेवढंच नीट कळलं.

काका ऐकत होते. चहाचा कप पुरा केला. "चाला," म्हणाले, "हिले सांगतो." आणि गेले.

मी वाट पाहत होते की काका भांडतील. बाबाही वाट पाहत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीच्या वेळी काका पेपर घेऊन फाटकाशी आले आणि विचारलं, "भाऊ, हे गुडघ्याचं तेल घेऊ का?" बाबा आत होते. मला म्हणाले, झोपले म्हणून सांग. त्याच्या दुसऱ्या दिवशीही झोपले, तिसऱ्या दिवशीही. भर संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळेला, भिंतीकडे तोंड करून. काका बाहेर एकटे बसून पेपर वाचत आणि निघताना खुर्ची आत ठेवून जात. मला दोघांचाही राग यायचा. एकाने शिव्या घालाव्यात, दुसऱ्याने पाय धरावेत, आणि मोकळं व्हावं. पण दोघांनाही ते जमण्यासारखं नव्हतं.

आई एकदा बाबांवर कडाडली. "लपून काहाले बसता? तुमी का चोरी केली?"

"चोरी केली असती तं बरं होतं," बाबा म्हणाले. "कबूल तं करता आली असती."

काही महिन्यांनी पेपरात फोटो आला. नव्या मालकाने नारळ फोडला, भट्टी पेटली. त्या दिवशी काका फाटकाशी न थांबता थेट आत आले, बाबांच्या खाटेपाशी. त्यांचा चेहरा खरोखर फुलला होता. "भाऊ! पेटली बे भट्टी! तू म्हणत होता तसंच झालं ना!"

बाबा उठून बसले. चष्मा लावून फोटो खूप वेळ पाहिला. भट्टीबद्दल ते खरंच चुकले नव्हते. तिच्याबद्दल ते कधीच चुकत नाहीत. "हो," म्हणाले, "बरोबर पेटवली हाय." मग पेपराची नीट घडी करून काकांना परत दिला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. काकांच्या आनंदात टोमणा असता तर मी रडले नसते.

त्यानंतर घरमालकाने काकांना घर सोडायला सांगितलं, त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. भिलाईत दुसरं घर शोधायचं त्यांच्या अंगात उरलं नव्हतं. मुलगा नागपूरला दोन खोल्यांत राहतो, त्याने या म्हटलं. सामान बांधून झालं, आणि निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दोघं आमच्याकडे आले. आईने जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर काकांनी बडीशेप तोंडात टाकली आणि खुर्ची बाबांच्या जवळ ओढली.

"भाऊ, एक इचारायचं होतं. उतईचा प्लॉट ठेवू का विकू?"

आईच्या हातातली ताटं तिथेच थांबली. बाबांनी मान खाली घातली. "मले नोको इचारू," ते म्हणाले. "मले आता काही इचारत जाऊ नोको."

"मंग कोणाले इचारू?" काका म्हणाले. त्यांनी हे अगदी साधेपणाने विचारलं. मला बाबांकडे पाहवेना, मी खिडकीबाहेर पाहू लागले.

मग काकूंना ते सहन झालं नाही. "भाऊजी, तुमी जिवाले नोका लावून घेऊ. तो प्लॉट गेल्या हप्त्यातच विकला आमी. सही बी झाली. तुमाले बरं वाटन म्हणून हे इचारून राहिले."

"तू गप बस ना," काका त्यांना म्हणाले. आवाज चढवला नाही. तोंड आमच्याकडे करेनात, नुसते खुर्चीच्या हातावर बोट फिरवत राहिले.

बाबांनी मान वर केली. किती दिवसांनी त्यांनी काकांकडे सरळ पाहिलं. हात चष्म्याकडे गेला, पण तो त्यांनी काढला नाही. घसा साफ केला, आणि फाटकाशी बसून सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "भाव बरा येऊन राहिला का?"

"बरा हाय."

"मंग विक."

"ठीक हाय," काका म्हणाले. "तू म्हणतो तं विकतो."